आक्कानं वाटलेल्या पुड्या

४ ऑगस्ट, सोमवार

मिल दर दिवाळीला एक डायरी देते आणि मी ती दर दिवाळीला कपाटावर टाकतो. यंदा डॉक्टरांनी सांगितलं, मोठ्या बहिणीचा, आक्काचा, ऑक्सिजन रोज दोनदा मोजून लिहून ठेवा, म्हणून ही धूळ झटकून काढली. सकाळी ८९, संध्याकाळी ८७. एवढं लिहून पान रिकामंच दिसायला लागलं, म्हणून पुढे लिहितोय.

आज कानबाई, आमची खानदेशची देवी, बोळवली. सुरतेत दिंडोलीला आल्यापासून पहिल्यांदाच आक्का गल्लीतल्या बायांबरोबर गेली नाही. नाकात नळी घालून दारात खुर्चीवर बसली आणि तिथूनच सगळ्यांना बोलत राहिली. रोट जाड झाले, माझ्या बायकोनं, रंजनानं, नारळ उलटा धरला, मी टोपी घातली नाही. मशीनशिवाय चार पावलं चालवत नाही, पण आवाज तोच. बावन्न वर्षांचा झालो तरी सकाळपासून मला नऊ वेळा रागावली. मी मोजलं. मोजायची सवयच आहे, पलसाण्याला कापड रंगवायच्या मिलच्या लॅबमध्ये तीस वर्षं काढली आहेत.

७ ऑगस्ट, गुरुवार

अगाशीवर थर्माकोलच्या खोक्यांत आक्काची वांगी आहेत. हिरवी, लांबट, भरताची. तीन फळं तिनं बियासाठी झाडावर राखली होती, ती आता पिवळीजर्द झाली आहेत. जिना चढवत नाही, म्हणून मला वर पाठवलं आणि खालून ओरडून कुठलं तोडायचं ते सांगितलं. मी चौथंच तोडून आणलं. मग पुन्हा वर.

हे बी आमच्या आईचं. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा. आक्काचं नुकतंच लग्न झालेलं, मेहुणे इथे लूमवर. तिनं मला सुरतेला आणलं तेव्हा एका हातात मी होतो आणि पदराच्या गाठीत हे बी. पारोळ्याजवळचं आमचं घर कधीच दुसऱ्याचं झालं. आईचा फोटो नाही. आईचं म्हणून जगात जे काही उरलं आहे ते मी, आक्का आणि हे वांगं. आक्काला मूलबाळ झालं नाही. पण त्रेचाळीस वर्षांत एकही साल तिनं हे बी पेरायचं चुकवलं नाही.

गेल्या पावसाळ्यात मात्र डब्याला ओल लागली आणि राखून ठेवलेलं सगळं बी बुरशीनं गेलं. ही उभी झाडं होती म्हणून निभावलं. तेव्हापासून ती धसका घेऊन आहे. आज म्हणाली, "यंदा डबामा नही ठेवनं. कागदनी पुड्या करू आन समद्यासले वाटी देऊ. चाळीस घरमा गयं तं एखाद्या घरमा तं ऱ्हाईन." मग थोडा वेळ खोकली आणि म्हणाली, "मी काय पुढला साल नही, काशी."

मी म्हटलं, गप बस. तर मलाच गप बसवलं.

१० ऑगस्ट, रविवार

आज पुड्या. जुनं कॅलेंडर फाडलं, पान सुळसुळीत असतं, ओल लवकर धरत नाही. आक्काचे नियम: खळ लावायची नाही, झुरळं कुरतडतात. टाचणी नाही, गंजते. नुसत्या घडीवर पुडी बसली पाहिजे, उलटी केली तरी एक दाणा सांडता कामा नये.

ती शिकवायला बसली आणि मी तिच्याआधी तीन पुड्या करून समोर ठेवल्या. लॅबमध्ये रंगाची पूड आम्ही अशीच बांधून देतो. ती बघतच राहिली. उलटी केली, हलवली, कानाशी नेली. "बरी शे," म्हणाली. आक्काच्या तोंडून "बरी शे" म्हणजे सोन्याचं कडं. चाळीस पुड्या झाल्या. आक्काला वाचता येत नाही, म्हणून प्रत्येकीवर मी हिरव्या पेनानं वांगं काढलं. रंजना म्हणाली पोपट दिसतोय.

बी धुऊन चार ताटल्यांत पसरलंय. ऑक्सिजन ८६.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

पाच दिवसांत ऊन असं नाहीच. ताटल्या पंख्याखाली आहेत पण हवाच ओली. आज एका ताटलीत बियांवर पांढरं काहीतरी दिसलं. गेल्या वर्षीचंच पुन्हा. मी हादरलो. आक्का म्हणते, "घाई नको करू. राख चोळ, दहा-बारा दिन लागतीन." इस्त्रीवाल्याकडून कोळशाची राख आणून चोळली.

तिला मी काय सांगू, की दहा-बारा दिवस बियाला असतील, तुझं मला माहीत नाही. काल डॉक्टरांनी बाहेर बोलावून सांगितलं, आता महिना धरून चाला. भरलेल्या चाळीसच्या चाळीस पुड्या तिच्या हातात पडल्या पाहिजेत. तिनं आयुष्यभर माझं केलं, मला तिचं एवढं एक काम धड करू दे.

१७ ऑगस्ट, रविवार

घरात बसवेना, म्हणून वर जाऊन अगाशी साफ केली. वांग्याची जुनी झाडं किडकी झाली होती, उपटून टाकली. माती मोकळी करून खोकी रचून ठेवली. निदान एक काम पूर्ण.

१८ ऑगस्ट, सोमवार

सुटलो! मलाच आधी कसं सुचलं नाही. लॅबमध्ये ओव्हन आहे, कापडाचे नमुने आम्ही त्यातच वाळवतो. बी डब्यात घालून घेऊन गेलो. एकशे पाच डिग्री, दोन तास. ओलीचं नाव उरलं नाही. हातात घेतलं तर खुळखुळ वाजतंय. आता दहा वर्षं बुरशी लागायची नाही.

महेशभाई, आमचे लॅबचे साहेब, नाक वर करून आले. म्हणाले, "काशीभाई, शुं मूक्युं छे? शेकेली शिंग जेवी सुगंध आवे छे." भाजलेल्या शेंगदाण्यांसारखा वास येतोय म्हणे. मी म्हटलं, साहेब, शेंगदाणे नाहीत, आमचा खजिना आहे.

आक्काला यातलं सांगणार नाही. यंत्राचं नाव काढलं की तिचं डोकं फिरतं, मिक्सरमधली चटणीसुद्धा खात नाही. पलसाण्याला आज कडक ऊन पडलं, बी मिलच्या गच्चीवर वाळवलं, असं सांगायचं. बी वाळल्याशी कारण.

१९ ऑगस्ट, मंगळवार

पुड्या भरून सुपात मांडून तिच्यासमोर ठेवल्या. मला वाटलं होतं तिचा चेहरा उजळेल.

तिनं एक पुडी सोडली. बी तळहातावर घेऊन चोळलं, वास घेतला, दोन दाणे दाताखाली धरले. मग विचारलं, "काशी, हाई बी उनमा वाळाडं ना?"

"हो. मिलच्या गच्चीवर. काय ऊन होतं!"

"वर एखादं झाड ऱ्हायनं का?"

मी म्हटलं, एकही नाही, अगाशी चकाचक केली. कौतुकाची वाट बघत होतो. तिनं पुडीची घडी पुन्हा बसवली आणि म्हणाली, "चांगलं करं." मग म्हणाली, दमले, पडते. ऑक्सिजन ८५, म्हणजे कालच्याइतकाच. औषधाची गुंगी असणार.

२१ ऑगस्ट, गुरुवार

आक्काच्या उशाशी ओल्या फडक्याची पुरचुंडी असते. सकाळ-संध्याकाळ रंजनाकडून त्यावर पाणी शिंपडून घेते. छातीत कफ असताना ओलं कशाला म्हणून मी ओरडलो. म्हणाली, "डोळासले गार वाटस." आता आजारी माणसाशी वाद कोण घालणार.

३० ऑगस्ट, शनिवार

ती पुरचुंडी गेली एकदाची. सकाळी आक्कानं ती सोडून बघितली आणि रंजनाला टाकून दे म्हणाली. दिवसभर भिंतीकडे तोंड करून होती. जेवली नाही. मी मुगाचं कढण करून नेलं, अळणी झालं होतं हे मलाच कळत होतं. तिनं दोन चमचे घेतले आणि म्हणाली, "चांगलं शे, भाऊ."

भाऊ! मला ती काशी म्हणते, चिडली की काश्या. भाऊ कधी म्हणाली होती ते आठवत नाही.

३ सप्टेंबर, बुधवार

हल्ली आक्का माझ्याशी फार गोड वागते. मिलमधून आलो की, "दमना का रे भाऊ? बठ जराखा." औषध द्यायला अर्धा तास उशीर झाला, एक शब्द नाही. काल पाण्याचा तांब्या माझ्या हातून तिच्या पांघरुणावर सांडला, तर हसली. रंजनाला म्हटलं, बघ, शेवटी बहिणीला भावाची किंमत कळली. रंजना कपडे वाळत घालायला गेली. या बायकांना दुसऱ्याचं कौतुक सहन होत नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार

पुड्या वाटायला सुरुवात. जो भेटायला येईल त्याला आक्का स्वतः देते. आमच्यात बी हातावर ठेवत नाहीत, बाईच्या पदरात घालतात आणि पुरुषाच्या रुमालात. घेणाऱ्यानं आभार मानायचे नाहीत. पुढल्या साली आपल्या झाडाचं मूठभर बी आणून परत द्यायचं, तेच आभार.

शेजारच्या वत्सलाबाई आल्या होत्या. त्या परभणीच्या, बोलायला लागल्या की घड्याळ थांबतं. त्यांच्यामागून कतारगामचे मगनभाई आले. मेहुण्यांचे जुने दोस्त, हिऱ्याच्या कारखान्यातून रिटायर झालेले. दर वर्षी दोघंही आक्काकडूनच बी नेतात, वांगी सगळी खाऊन संपवतात आणि पुन्हा हात पसरतात. आक्का या दोघांना त्यावरून हमखास टोमणा मारते. आज मारला नाही. कोणी आलं की मला मात्र चहा करायला आत पाठवते. रंजना घरात असताना चहा मीच का? पण ती सांगते आणि मी जातो. बाहेर येईपर्यंत पदराला गाठ बसलेली असते आणि सगळे गप्प.

आज म्हणाली, "घरमा एकबी पुडी ठेवू नको. समद्या वाटी टाक." मी म्हटलं, आपल्याला? तर म्हणाली, तू मिलमध्ये जाणार, तुझ्याच्यानं निगा होणार नाही. खरं आहे. पण आईचं बी घरात नाही असं कसं चालेल? एक पुडी मी देवाच्या फोटोमागे ठेवली. तिला सांगितलं नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

७९. पुड्या संपल्या. रिकामं सूप तिला दाखवलं. तिनं हात जोडले. मला वाटलं देवाला, पण बघत माझ्याकडे होती.

११ सप्टेंबर, गुरुवार

आक्का गेली. पहाटे. मशीन चालूच होतं.

२४ सप्टेंबर, बुधवार

दिवसकार्य झालं. लोक भेटतात आणि म्हणतात सुटली बिचारी. मी मान हलवतो. ती सुटली असेल, मी कुठे सुटलोय. मिलमधून आलो की पायरीवरच, उशीर का झाला याचं उत्तर तयार करतो. आत कोणी विचारत नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

देवामागची पुडी काढली. रंजना म्हणाली, "राहू द्या ना. पुढल्या साली पेरा." मी ऐकलं नाही. दोन खोक्यांत माती, शेणखत, आक्का करायची तसं सगळं. पेरताना मोठ्यानं रडलो. अगाशीवर कोणी नव्हतं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

अकरा दिवस. काही नाही. आक्काचं आठव्या दिवशी दिसायचं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. ओवाळायला कोणी नाही. अगाशीवर बसून माती उकरून पाहिली. बी जसंच्या तसं. फुगलंसुद्धा नाही. खत गरम पडलं असावं. किंवा माझा हातच वाईट. वत्सलाबाईंना विचारलं, तुमचं उगवलं का? "उगवलंय की भाऊजी, लई ब्येस!" मग जीव भांड्यात पडला. आक्कानं चाळीस घरांत वाटलं ते यासाठीच. माझं गेलं तर गेलं.

२ नोव्हेंबर, रविवार

वत्सलाबाईंकडे एक रोप मागायला गेलो. आधी म्हणाल्या उंदरांनी खाल्लं. मग म्हणाल्या गच्चीवर कुलूप आहे. मी तिथेच बसून राहिलो तेव्हा चार रोपांची कुंडी आणून ठेवली.

तीस वर्षं मी शेड जुळवतो. दोन निळ्यांतला अर्ध्या टक्क्याचा फरक मला दिसतो. आमच्या वांग्याचा देठ पहिल्या पानापासून हिरवा असतो. या रोपांचे देठ जांभळे होते. मुळाशी नर्सरीची काळी पिशवी अर्धी तशीच. मी म्हटलं, वहिनी, हे आक्काचं नाही. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

९ नोव्हेंबर, रविवार

कतारगामला मगनभाईंकडे जाऊन आलो. सरळ विचारलं, उगवलं की नाही. म्हातारा खोटं बोलू शकत नाही. चष्मा काढून म्हणाला, "काशीभाई, मारे त्यां एक पण नथी उग्युं. बेने ना पाडी हती, तमने कहेवानी."

एकही उगवलं नाही. आणि मला सांगायचं नाही, असं बहिणीनंच बजावलं होतं.

"बहिणीनं? तिला काय माहीत?"

"एने बधी खबर हती," मगनभाई म्हणाले. तिला सगळं ठाऊक होतं.

घरी येऊन रंजनाला समोर बसवलं. ती आधी रडली आणि मग बोलली. आक्काला पहिल्याच दिवशी वास आला होता. तरी आशा म्हणून वीस दाणे ओल्या फडक्यात बांधून नऊ दिवस उशाशी ठेवले. वीसपैकी एकालाही मोड आला नाही. तेव्हा रंजनाला म्हणाली, "मायनं बी गयं. काशीनी भाजी टाकं." मी भाजून टाकलं म्हणे. आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून पोरीसारखी रडली. मी तेव्हा स्वयंपाकघरात कढण करत होतो.

"मंग वाटं कसाले?" मग वाटलं कशाला, असं मी विचारलं. घरात मी अहिराणी बोलणं कधीच सोडलंय, पण दुसरं काही तोंडात आलं नाही.

रंजना म्हणाली, "घरमा ऱ्हायनं तं तुम्ही पेरशात, म्हणून. आक्कानी समद्यासले शप्पथ घाली व्हती, नही उगनं तं काशीले सांगू नका. माले बी घाली व्हती." मग म्हणाली, "त्या म्हणेत, त्यानी मन्हासाठे करं. त्याले बोलू तं तो जलमभर तेच धरी बसी. आन समजूत काढाले मी काय ऱ्हास?" समजूत काढायला ती थोडीच राहणार होती.

रंजनाला मी काय रागावणार. तिनं शपथ पाळली, तिचा काय दोष.

१० नोव्हेंबर, सोमवार

मिलला गेलो नाही. गावाकडे तीन फोन केले. सगळे पाकिटातलं हायब्रीड लावतात. एकानं विचारलं, कुठलं वांगं म्हणालात? पांढरट हिरवं, लांब, असं सांगत बसलो. मी सांगत होतो त्यातून कुठलंही भरताचं वांगं झालं असतं.

म्हणजे संपलं. आईनं कोणाकडून घेतलं असेल, तिच्या आईनं कोणाकडून. किती बायांच्या पदरातून आलेलं ते मी दोन तासांत, एकशे पाच डिग्रीवर संपवलं. आणि वर खोटं बोललो. काय ऊन होतं म्हणालो. दाताखाली भाजलेला दाणा धरून तिनं ते ऐकून घेतलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आक्कानं मला जन्मात काही माफ केलं नाही. सातवीत नापास झालो तेव्हा आठ दिवस अबोला. पहिल्या पगाराची साडी आणली तर रंगावरून तासभर ऐकवलं, रंगाच्या कारखान्यात असून तुला रंग कळत नाही म्हणाली. लग्नात हार उलटा घातला ते परवापर्यंत काढत होती. मीठ, उशीर, टोपी, नारळ. मला वाटायचं, ही कधी एकदा गप्प बसेल.

आणि ती गप्प बसली ती याच्यावर. बारा दिवस भाऊ, भाऊ करत राहिली आणि मी फुशारून डायरीत लिहिलं की बहिणीला किंमत कळली.

आक्का, तू ओरडायला हवं होतंस. ताट फेकून मारायचंस, काश्या, आईचं बी मारलंस म्हणायचंस. नळी काढून ओरडली असतीस तरी चाललं असतं. मी तुझ्या पायाशी बसून रडलो असतो आणि तू दुसऱ्या दिवशी मिठावरून पुन्हा सुरू झाली असतीस. आता मी कोणाच्या पायाशी बसू?